मामांनी कॉम्प्युटरला घातलेलं गाऱ्हाणं

रविवार होता, मुलुंडला होतो, आणि माझ्या मामांनी चक्क एका कॉम्प्युटरला हात जोडले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी विशीतला, मॅट्रिकला दोनदा गटांगळी खाल्लेला, घाटकोपरला मामांकडे पडून असायचो. मनात आलं की गोरेगावला शूटिंग बघायला पळायचो, एकदा तर मला गर्दीत उभंही केलं होतं... पण ते राहू दे.

मामा गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. चार वर्षं ते दारातल्या स्टुलावर बसून होते, बोलणंही जवळजवळ थांबलं होतं. आम्ही सगळे रोज सांगायचो, "उघडेल हो मामा, उघडेल."

मामी म्हणाली, "नाहीतरी गावभर भटकतोस, जरा ह्यांना पण ने की." माझा दोस्त सुनील मुलुंडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. त्याच्याकडे एक प्रोग्राम होता, आपण टाइप केलं की उत्तर देणारा... म्हटलं, मामांना गंमत दाखवू.

कॉम्प्युटरची खोली एसी. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढायच्या. घोटाळा तिथेच झाला असणार. मामा अनवाणी आत आले, स्क्रीनवरच्या हिरव्या अक्षरांकडे बघितलं आणि गाऱ्हाणंच सुरू केलं, कोकणात गावच्या देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, गिरण उघडतली की नाय, ता सांग. व्हय तर उजवो कौल दी, नाय तर डावो."

मला हसू आवरेना. सुनीलने मात्र ते इंग्रजीत टाइप केलं. तो प्रोग्राम काय, आपलंच वाक्य फिरवून आपल्यालाच विचारायचा. सुनीलने वाचलं, "मामा, हा विचारतोय, गिरणी उघडावी असं तुम्हाला का वाटतं?"

मामा खुर्ची ओढून बसले. मग हळूहळू बोलायला लागले... साच्यांचा, म्हणजे मागांचा, खडखडाट कानात नसला की झोप येत नाही. मामी लोकांकडे पोळ्या लाटायला निघते तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवत नाही. चार वर्षांचं सगळं बाहेर पडलं. सुनीलची बोटं दुखायला लागली.

असे चार रविवार गेलो. मामा शनिवारीच दाढी करून ठेवायचे.

मग मामीने त्यांच्यासाठी मरोळला वॉचमनची नोकरी बघितली. मामा म्हणाले, "देव सांगात तसा." म्हणजे कॉम्प्युटर सांगेल तसं. मामीने मला जिन्यात गाठलं. "काय पण कर रे, पण त्याला जा म्हणायला लाव. माझे हात चालत नाहीत आता."

मी सुनीलला आधीच पटवलं. "वाट लावशील यार माझी," म्हणाला, पण तयार झाला. त्या रविवारी मामांनी गाऱ्हाणं घातलं, स्क्रीनवर एक ओळ आली, आणि सुनील माझ्याकडे न बघता म्हणाला, "जा म्हणतोय, मामा. उजवा कौल."

मामांनी स्क्रीनला नमस्कार केला. सोमवारी खाकी घालून कामावर गेले. पुढच्या रविवारी मी म्हटलं, "चला." त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. मला वाटलं, दमले असतील...

पुन्हा ते कधीच आले नाहीत. घरातही बोलेनासे झाले, आधीपेक्षा जास्त.

वर्षभराने मरोळला त्यांना डबा द्यायला गेलो होतो. डबा उघडता उघडता म्हणाले, "तेना 'जा' म्हटल्यान नाय त्या दिवशी. इंग्रजी येना नाय माका, पण प्रश्नचिन्ह वळाखतंय मी."

"मग गेलात कशाला, मामा?"

"तुमका सगळ्यांका व्हया होता ना." मग घास मोडत, "ता मशीन निदान इचारी तरी, झिला. तुमी माका कधी इचारलात?"

तेवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला. हातातला घास तसाच ठेवून ते उठले, सलाम ठोकला, फाटक उघडलं.

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हल्ली माझी मुलगी फोनमधल्या एआयशी तासन्‌तास बोलत बसते. आमच्याशी दोन शब्द नाहीत. परवा म्हटलं, चांगलं फैलावर घेतो... तिच्या दारापर्यंत गेलो. मग म्हटलं, नको, नुसतं विचारू या काहीतरी.

काय विचारायचं, तेच सुचेना. तसाच उभा राहिलो.