विभूती लावलेला कॉम्प्युटर

आज लॅपटॉप चालू होईना, म्हणून स्क्रू ड्रायव्हरसाठी खण उपसला तर विभूतीची पुडी हाताला लागली. तो कोरडा, राखेचा वास नाकात गेला आणि मी थेट नवी पेठेतल्या आमच्या कापड दुकानावरच्या खोलीत पोचले.

तिथं आमचा पहिला कॉम्प्युटर होता. बटण दाबलं की पंखा घरघरायचा, आतून पी-पी व्हायचं आणि पडदा काळाच. एके दिवशी माझ्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, तिच्या बाळाचा पहिला फोटो ईमेलनं पाठवला होता. वडील, म्हणजे आमचे अप्पा, गिऱ्हाईक सोडून वर येऊन बसले होते.

"आज तरी उघडतंय का गं?"

मी वैतागून कॅबिनेट खोललं. आत सगळं पांढरंफटक! पूजा झाली की अप्पा रोज त्याच्या जाळीवर विभूतीची तीन बोटं ओढायचे. तो जितका बंद पडायचा, तितकी विभूती वाढायची.

"अप्पा, ह्यानंच बंद पडतोय तो!"

"मी तर बरं व्हावं म्हणून लावत होतो की," अप्पा ओशाळले.

ब्रशनं राख झाडली, मेमरीची पट्टी खोडरबरनं घासून परत बसवली आणि तो चालू झाला. फोटो वरून खाली हळूहळू उघडत गेला. बाळाचं कपाळ दिसताच अप्पांची विभूतीची तीन बोटं काचेवर.

"हितं तर चालतंय की?"

ती काच अप्पांनी कुणाला पुसू दिली नाही. नंतर कितीतरी दिवस आमच्याकडे क्रिकेटचा स्कोअरसुद्धा विभूती लावूनच यायचा.