हात चालते, तोंड नाही

चैताचं ऊन होतं. मुकादमानं इहिरीतून पाणी काहाडलं आन् माह्या मडक्यात वरून ओतलं. मडकं डोक्यावर घ्याच्या अगोदर मीनं ओंजळ पुढं केली. म्हणलं, "मुकादमजी, घोटभर पियाले द्या जी. घसा सुकला."

त्यानं माह्या ओंजळीकडं पाह्यलं. मंग माह्या तोंडाकडं. मंग बादली उचलली आन् बाजूच्या कापसाच्या गंजीवर भसकन रिकामी केली.

"हे पाणी कापसाचं हाये," तो म्हणे. "शिंपडाले तुहा हात चालते. तोंड नाही चालत."

गंजीपाशी सरकी काढत बसलेल्या बाया खदखदा हासल्या. त्यायच्यासाठी सावलीत रांजण होता. आमच्यासाठी गावाबाहीरचा नाला, आन् चैतात नाल्यात काय असते? गोटे. मी मडकं उचललं आन् गंजीवर पाणी शिंपडलं. कापूस पाणी पेला. मी नाही पेली.

हे अमरावतीच्या बजारातलं शेठचं आवार. त्या वर्साले कापसाले असा भाव आला होता का मानसं येडी झाली होती बाप्पा! दूर कुठं अमेरिका म्हणून मुलूख हाये, तिथं भावाभावात लढाई जुंपली म्हणे, आन् विलायतेच्या गिरण्याले आमच्या वऱ्हाडचा कापूस लागे. गाड्यावर गाड्या येत. बैलाच्या शिंगाले चांदी मढवली होती लोकायनं. काल जो चिलीम मागून पे, तो आज अत्तर लावून फिरे. आन् कापसाचं वजन वाढवाले जो तो त्याच्यात पाणी मारे. माती मारे. सरकी मारे. ज्यानं नाही मारलं तो बावळट.

आमी जातीचे महार. पण बाबा ख्रिस्ती झाला होता, आन् त्याच्यासंगं मीही. माय अगोदरच गेली होती. लोकं म्हणत, पोटासाठी बाटला. कोनतं पोट? बाटल्यावर जातीतल्यायनं टाकलं, गावानं तं अगोदरच टाकलं होतं. बाबाले मी एकदा इचारलं, "बाबा, तूनं काहून असं केलं?"

तो म्हणे, "माय, मी अकोल्याले पाद्रीसाहेबाच्या देवळात गेलतो. तिथं येसूच्या नावानं द्राक्षरसाचा एक पेला फिरला. गोऱ्यानं तोंड लावलं, बामनाच्या बाटलेल्या पोरानं लावलं, मंग तोच पेला माह्या हातात आला. वरून कोनी ओतलं नाही. जलमात पयल्यांदा."

बस. एवढंच कारन. मोठं ग्यान नाही, काही नाही. पेला शेवटी आला, सगळ्यायच्या मागून आला, पण तोच आला.

दुसरी गोष्ट त्यानं पकडली ती बोलन्याची. हो तं हो, नाही तं नाही. त्याच्यावर आन नाही, शपथ नाही. आन् बजारात तं शपथेशिवाय पान हालत नव्हतं. माल सुका हाये का इचारलं का शेठ बेलभंडार उचले. तळहातावर बेलाचं पान, त्याच्यावर हळद, आन् देवाचं नाव घेऊन सांगे, सुका हाये. सकाळी भंडार उचले, दुपारी पाणी मारे. सगळ्यायले मालूम. देवालेही मालूम असनच.

कापूस घेनारा एक गोरा साहेब होता. तो शपथा ऐकून ऐकून कटाळला. त्याले कोनी सांगतलं का शेठच्या आवारात एक ख्रिस्ती मानूस हाये, बोऱ्यात उभा राहून पायानं कापूस दाबते. साहेबानं बाबाले बलावलं. "माल कैसा है?" बाबानं हात घातला, पाह्यलं, आन् म्हणे, "ह्या चार बोऱ्या वल्ल्या हायेत. बाकी सुक्या." शेठचं तोंड उतरलं. पण साहेब खूश झाला. तवापासून तो बाबालेच इचारे. बाबा सुका म्हणे तं घे. मंग शेठलेही समजलं का ह्या मानसाच्या तोंडाले भाव हाये. आवाराच्या कोपऱ्यात आमाले झोपडी दिली. बाबा मले म्हणे, "पाय माय, खरं बोलून कोनी मरत नाही."

भोळा होता माहा बाप. लयच भोळा.

त्या चैतात तो पडला. कापसाची धूळ छातीत बसली होती. खोकला, ताप, उठताच येईना. शेठले रान मोकळं झालं. त्यानं मुकादमाले सांगतलं, पाणी मारा. आन् मारनार कोन? मी. इहीर बाटू नये म्हणून मुकादम ओते, आन् शिंपडाचं काम माह्याकडं. कापूस विलायतेले जाते, आन् विलायतेत इटाळ नाही, म्हणून माह्या हाताचं पाणी चाललं.

मीनं म्हणलंही, "शेठजी, हे मले नोका सांगू." शेठ गोडच बोले. "अगं बेटी, तेरा बाप बीमार है. झोपडी कुनाची? हे पाय, मी तं काही बोलतच नाही." नाहीच बोलला तो. काही बोलाची गरजच नव्हती. बाबा आत खोकलून राहिला होता, आन् मी पाणी वाहून राहिली होती. काय करू शकत होती मी? कोनाले सांगू शकत होती? कोतवालाले? तो शेठच्या ओट्यावर पान खाये.

मंग साहेब आला. घोड्यावरून उतरला, टोप काहाडला, घाम पुसला. शेठ म्हणे, "साहेब, बुढा बीमार आहे. पर त्याची लडकी आहे. ती बी तुमच्याच धर्माची." आन् मले पुढं ढकललं.

पंधरा दिवसाच्या अगोदर ज्या तोंडाले घोटभर पाणी चालत नव्हतं, ते तोंड आता सगळ्यायले पाहिजे होतं. शेठ, मुकादम, दलाल, सगळे माह्या तोंडाकडं पाहून राहिले होते. झोपडीतून बाबाचा खोकला आयकू येत होता. मले समजत होतं का मी काय म्हणलं तं काय होईन. मले सुका म्हणाचं होतं, खरंच सांगतो. लय म्हणाचं होतं. पण तोंडातून निघालं तेच.

"वल्ला हाये साहेब. मीनंच पाणी मारलं."

मुकादमानं दात खाल्ले. मले वाटलं, आता साहेब शेठले झाडीन. मले वाटलं, साहेब आपला हाये. त्याच पेल्यातून पेनारा.

साहेबानं बोरीत हातही घातला नाही. तो हासला. जवळ आला आन् हळूच म्हणे, "ए लडकी, तू क्रिस्तान है ना? क्रिस्तान का बोलना मुंबई में चलता है. बोल, सूखा है."

तवा माहे डोळे उघडले. त्याले मालूम होतं! त्याले सगळंच मालूम होतं. कापूस वल्ला हाये हे तो घोड्यावरूनच पाहून आला होता. शेठचा आन् त्याचा सौदा अगोदरच झालता, दलाल चोरून भाव ठरवतात तसा, रुमालाखाली बोटं दाबून. मुंबईत त्याच्या वरच्या साहेबायनं इचारलं तं त्याले सांगाले पाहिजे होतं का ख्रिस्ती मानसानं सुका म्हणलं. कापूस कसा हाये हे कोनालेच नव्हतं पाहिजे.

मी म्हणलं, "नाही साहेब. वल्ला हाये."

शेठ हात जोडून म्हणे, "साहेब, बच्ची आहे. घाबरली. सुका म्हणते ती." साहेबानं मान हालवली आन् आपल्या कारकुनाले इंग्रजीत काहीतरी सांगतलं. कारकून हासला. बोऱ्या गाडीवर चढल्या. मी वल्ला म्हणलं, आन् माह्याच नावानं सुका ठरला. मी ओरडली, "वल्ला हाये! वल्ला हाये!" गाडीवाले बैल हाकत होते. कोनी मान वळवून पाह्यलंही नाही. उभ्या बजारात मी एकटी ओरडत होती, आन् माहा आवाज कोनाच्याच कामाचा नव्हता.

दिवस बुडाच्या अगोदर मुकादमानं आमचं बोचकं बाहीर फेकलं. बाबाले दोन हातानं उचलून रस्त्यावर बसवलं.

एका कुनब्याले कीव आली. त्याची गाडी कापूस घेऊन मूर्तिजापुरावरून अकोल्याकडं जाऊन राहिली होती. म्हणे, "बुढ्याले टाक वर. पर मले शिवू नोको." बाबाले बोऱ्यावर निजवलं. मी मागं पायी. त्या बोऱ्याही वल्ल्याच होत्या. बाबाची पाठ खालून भिजे आन् वरून ऊन. रात्री त्याले हीव भरे. मी आपलं लुगडं फाडून त्याच्याखाली टाकलं, तेही भिजलं. असा माहा बाप अकोल्याले पोचला.

वाटेत एकदा त्यानं डोळे उघडले. "माय, साहेबाले तूनं काय सांगतलं?"

"वल्ला म्हणलं बाबा."

त्यानं माह्याकडं मान वळवली. मंग म्हणे, "बरं केलं." आन् रडला. मले आजही समजत नाही का तो काहून रडला.

अकोल्याले पाद्रीसाहेबाच्या ओसरीवर तो गेला. पाद्रीसाहेब वाईट मानूस नव्हता. औषध देल्लं, प्रार्थना केली, माती देल्ली. मीनं त्याले सगळं सांगतलं. म्हणलं, "साहेब, माह्या नावानं खोटं गेलं. तुमी उभं राहून एकडाव सांगा, का हे पोट्टी वल्लाच म्हणे. माहा बाप ह्याच बोलन्यासाठी मेला."

त्यायनं लय इचार केला. मंग पुस्तकी मराठीत म्हणाले, "मुली, धीर धर. न्याय करणारा देव आहे. आणि हे पाहा, देवळावर नवी कौले त्या साहेबांच्याच दानातून चढली आहेत."

मीनं वर पाह्यलं. कवेलू नवीकोरी, लाल. माह्या बापाचं खरं त्या छपराखाली मावत नव्हतं. मले वाटलं, जावं आता इहिरीत. अशी लाचार मी कधीच झाली नव्हती, आवारातही नाही. तिथं निदान परके होते.

ऐतवार आला. साहेब मुंबईकडं चालला होता, वाटेत अकोल्याले थांबला. देवळात समोर त्याची खुर्ची. त्याच्या मागं कारकून लोकं. आमी भिताडाले टेकून, चटईवर. पेला नेहमी खुर्चीपासून निघे आन् आमच्यापाशी संपे.

मी उठली. कोनाले काही न सांगता समोर गेली आन् साहेबाच्या खुर्चीच्याही पुढं, मेजापाशी, खाली मातीत बसली. पाद्रीसाहेब पेला घेऊन वळले. त्यायचा हात अडला. त्यायले मले ओलांडून जाता येईना. मीनं दोन हातानं पेला घेतला आन् पेली. मंग उभी राहिली, साहेबाकडं वळली, पेला पुढं केला.

"साहेब, अमरावतीचा कापूस वल्ला होता. मीनं तुमाले वल्लाच म्हणलं होतं. आता घ्या."

साहेबानं पेल्याच्या काठाकडं पाह्यलं. मंग माह्या तोंडाकडं. मले ती नजर वळखीची होती. इहिरीवर पाह्यली होती मीनं. त्यानं टोप उचलला आन् निघून गेला. घोड्याच्या टापा आयकू आल्या.

पाद्रीसाहेबानं माह्या हातातून पेला घेतला. "मुली, हे देवाचं घर आहे. बाजार नव्हे."

"म्हणूनच इथं सांगतलं," मी म्हणलं.

त्यायनं ठरवलं, साहेबाची माफी मागत नाही तोवर ह्या पोट्टीले पेला नाही. जातीतले लोकं आले, म्हणे, "पाह्यलं ना बाई तुहा देव? सोड आता, वापस ये." मी त्यायले पाणी देल्लं, ते पेले आन् गेले. मी वापस नाही गेली. देव मले पाद्रीसाहेबानं देल्ला नव्हता आन् कवेलूवाल्यानं तं नाहीच. तो मले माह्या बापानं देल्ला.

आता माहे केस पिकले. ती लढाई कधीच सरली, भाव पडला, शेठ बुडाला, साहेब आपल्या मुलुखाले गेला. पाद्रीसाहेबही दुसरे आले. ते म्हणतात, "आजीबाई, जुनी गोष्ट आहे. माणूसही इथे नाही. नुसतं तोंडानं चुकलं म्हणा आणि पेला घ्या." चांगला मानूस हाये. डोळ्यात पाणी आनून म्हणते.

दर ऐतवारी मी समोर मातीत बसतो. पेला येते आन् माह्यावरून जाते. लय तहान लागते, खोटं काहून सांगू? येत्या ऐतवारीही मी तिथंच बसीन. कोनी इचारलं तं सांगीन आन् नाही इचारलं तरी सांगीन, का कापूस वल्ला होता आन् मीनं वल्लाच म्हणलं. माह्या मुखातून दुसरं काही निघनार नाही, मंग पेला मिळो का नोको मिळो.