तोंड नसलेली फळी

काळूराम कोळी रोज सकाळी नवीन पनवेलच्या स्केट पार्कवर पोचला की आधी चपला काढायचा, फळीच्या टोकाला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि मगच अनवाणी तिच्यावर उभा राहायचा. होडीवर चपला घालून चढत नाहीत. फळीवरही नाही.

जासईकडच्या खाडीवर त्याच्या घराण्यानं होड्या बांधल्या. खाडी भरावाखाली गेली, तसा तो इथल्या सोसायट्यांमध्ये कपाटं ठोकू लागला. कंटेनरच्या गोदामांमागच्या भंगारात त्याला एक जुना स्केटबोर्ड सापडला होता. वीतभराहून रुंद, पुढे माशासारखं निमुळतं तोंड, मागे वर उचललेली शेपटी, खाली मोठी मऊ चाकं. खडबडीत डांबरावरूनही तो आवाज न करता जायचा. तो मोडला, तेव्हा त्याच मापाची फळी काळूरामनं सागात घडवली. पंचेचाळिशीतही तो गुडघे वाकवून उतारावरून येई, तेव्हा ओहोटीच्या पाण्यावरून काहीतरी सरकत आल्यासारखं वाटे.

पार्कातल्या मुलांच्या फळ्यांची त्याला किळस होती. अरुंद, दोन्ही टोकं एकसारखी, पोटावर कवट्यांची चित्रं, लिंबाएवढी टणक चाकं. उड्या मारून मारून त्या दोन महिन्यांत मोडत आणि मुलं त्या गटारात टाकून देत. ज्यावर पाय दिला ते लाकूड गटारात! काळूराम त्यांना आईस्क्रीमच्या काड्या म्हणे. चोखायच्या नि फेकायच्या.

त्याची सतरा वर्षांची मुलगी निशा बापाच्याच फळीवर शिकली होती. पण रविवारच्या स्पर्धेत फळी हवेत फिरवून पुन्हा पायाखाली घ्यायची होती, आणि सागाची ती जड फळी उचललीच जात नव्हती. तिथं शिकवणाऱ्या विश्वजीतनं तिला आपली कोरी फळी एका दिवसापुरती दिली. तिची सगळी आशा आता त्या फळीवर होती.

काळूरामनं ती उलटीपालटी करून पाहिली. "याला तोंड कुठं नि ढुंगान कुठं? होरीला तोंड आसतं. ही जानार कुठं?"

"मी नेईन तिकडं," निशा म्हणाली. "तुजी फली फक्त पुढं जाते, बाबा."

रविवारी सकाळी ती अंघोळीला गेली, तेव्हा त्यानं चुलत्याच्या वेळचा तेलाचा डबा काढला. नवं लाकूड पाण्यात घालण्याआधी त्याला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल पाजायचं, ही त्याच्या घरची रीत. फळी त्याला आवडत नव्हती, पण तिच्यावर पोर उभी राहणार होती. त्यानं वरून, खालून, कडेकडेनं फडक्यानं तेल जिरवलं आणि फळी गोणपाटात गुंडाळून स्वतःच पार्कवर नेली.

तिथं निशानं गोणपाट सोडलं. पाय घट्ट राहावा म्हणून फळीवर लावलेला काळा खरखरीत कागद तेलानं सुटून लिबलिबीत झाला होता. कुजक्या मासळीचा वास उन्हात पसरला. बायकांनी ओढण्या नाकाशी नेल्या. एका पोरानं ओकून दाखवलं, बाकीचे हसले. विश्वजीतनं मेलेला उंदीर उचलावा तशी ती फळी दोन बोटांत धरून बाकावर ठेवली आणि बोटं पँटला पुसली. निशानं चारपाच जणांकडे फळी मागितली. तिच्या हातांनाही वास लागला होता. कुणी दिली नाही. तिचं नाव दोनदा पुकारलं गेलं, मग खोडलं गेलं.

"तुजी किलस येते मला," ती हळूच म्हणाली आणि एकटीच घरी निघाली.

काळूरामनं आपला तळवा नाकाशी नेला. जन्मभर अंगाला असलेला तो वास त्याला बहुधा पहिल्यांदाच आला. त्यानंतर तो कधी पार्कवर फिरकला नाही. त्या दिवशी मात्र त्यानं विश्वजीतची फळी काखेत मारली आणि फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं, "भाऊ, फली धुवाची हाय, इथं नलाला पानी कवा येतं?"