झोपलेल्या मारुतीची राखण

मी थट्टेखोर माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं खरं मानायचं का नाय ते तुमचं तुम्ही ठरवा. देवगाव रंगारीच्या शाळेत होतो तेव्हापासून माझं काम एकच, दुसऱ्याचे आवाज काढायचे. हेडमास्तरांचा खोकला, कंडक्टरची शिट्टी, रुसलेली म्हैस, समदं जमायचं. गॅदरिंगला टाळ्या मिळायच्या आणि दुसऱ्या दिवशी छड्या. पण याचा एक तोटा व्हतो. पुढं माणूस खरं बोलला तरी लोक हसायची वाट बघत बसतात. आण्णांचा ट्रक चालवायला लागलो आणि हेच माझ्या मुळावर आलं.

आण्णा आमच्याच गावचे, गाडीचे मालक. माझी आई त्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिनंच शब्द टाकला म्हणून गाडी माझ्या हाती आली. त्या दिवशी समद्यांनी समोर लिंबू-मिरची बांधली आणि आईनं मात्र आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून डिझेलच्या टाकीच्या झाकणाला बांधला. आण्णा म्हणाले, "टाकीला काय नजर लागती का बाई?" आई म्हणाली, "नजर नाय, हात लागत्यात."

तिचं खरं झालं. शेंद्र्याच्या कंपनीत माल भरायला सकाळी घेतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या पटांगणात गाडी लावावी लागते. तिथं एका सकाळी उठून बघतो तर झाकण नाय, पट्टी नाय, टाकी कोरडी ठणठणीत.  मग मी नवं झाकण बसवलं, त्याला कुलूप लावलं, आणि पुढच्या खेपेला रातभर केबिनमध्ये बसून माझी कला दाखवली. कधी हवालदाराचा आवाज, कधी चार ड्रायव्हरांची भांडणं, मधीच कुत्रं. चोराला वाटावं इथं जत्रा भरली हाय. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि टाकीखालची नळी कापलेली. पटांगणाच्या तोंडाशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुझा कार्यक्रम बघून बिदागी घेऊन गेले रं ते."

मी हसलो. आण्णा हसले नाहीत. त्यांनी आमच्या घरी येऊन मला अंगणात उभं केलं आणि हळू आवाजात विचारलं, "डिझेल गेलं, का तू सोडलं?" मी शपथ घ्यायला तोंड उघडलं, पण माझ्या तोंडाची शपथ कोण धरणार? ते म्हणाले, "तिसऱ्यांदा टाकी रिकामी झाली तर चावी तुझ्या आईच्या हातानं पाठव. तुझ्याकडून मी घेणार नाय." आई दारातच उभी व्हती. तिनं काय ऐकलं, काय नाय, मला ठाव नाय. चुलीकडं वळली आणि भाकर करपेस्तोवर तव्याकडं बघत बसली.

शनिवारी ती मला खुलताबादला भद्रा मारुतीला घेऊन गेली. तिथला मारुती उभा नाय, बसलेलाही नाय. आडवा झोपलेला हाय. लहानपणापासून बघतोय. त्या दिवशी मात्र मला आतून कडू हसू आलं. जागरणानं माझे डोळे तांबडे झालेले, आणि ज्याच्याकडं राखण मागायला आलो तो निवांत शेंदूर लावून पडलेला. मी पुटपुटलो, "आई, हा तर आपल्या गावच्या वॉचमनवाणी हाय." तिनं दंडाला असा चिमटा घेतला की डोळ्यात पाणी आलं. "झोपलेला दिसतो तुला. त्यानं भार खाली ठेवलाय, म्हणून आडवा हाय. तुला ठेवता येत नाय."  तिनं रुईच्या पानांची माळ वाहिली, परसादाचा नारळ घेतला आणि घरी आल्यावर त्याची एक वाटी गाडीत ठेवली.

सोमवारी सांजच्याला गाडी घेऊन मुकुंदवाडीला आलो. टाकी काठोकाठ. जे करता येतं ते समदं केलं. टाकीची बाजू स्टेशनाच्या भिंतीला लावली, एक माणूस आडवा मावंल एवढीच फट ठेवली. कुलूप बघितलं, नळीला तार गुंडाळली. मग केबिनमध्ये चढलो आणि हवालदाराचा आवाज काढायला गेलो तर गळ्यातून नुसती हवा आली. लई दमलो व्हतो. खरं सांगायचं तर दमल्यापेक्षा हरलो व्हतो. डॅशबोर्डवर आईनं ठेवलेली नारळाची वाटी व्हती, तिच्याकडं बघून म्हणालो, "मारुतीराया, माझं नाव गेलं तर जाऊ दे. पण आईला चावी घेऊन आण्णांच्या अंगणात उभं करू नको. मी आता झोपतो." आणि आयुष्यात पहिल्यांदा, गाडीत काय हाय ते मनात न मोजता, झोपलो.

जाग आली ती अजानीच्या आवाजानं. तांबडं फुटत व्हतं.  खाली उडी टाकली, टाकीकडं पळालो आणि जागच्या जागी थांबलो.

भिंत आणि टाकीच्या मधल्या त्या फटीत एक म्हातारा माणूस झोपला व्हता. आडवा, पाय जरासे मुडपून, एक हात डोक्याखाली. निळी चादर व्हती अंगावर, शेंदरी नाय, खोटं कशाला बोलू. पण चेहऱ्यावर ती निवांत झोप, मी शनिवारीच गाभाऱ्यात बघितलेली. त्याची पाठ माझ्या टाकीला टेकलेली. पायाशी एक रिकामा कॅन आणि रबरी नळीचं वेटोळं पडलं व्हतं. ते वेटोळं बांधलं व्हतं माझ्या आईच्या लुगड्याच्या हिरव्या पट्टीनं.

 मी तिथंच खाली बसलो.  मला वाटलं आपण मोठ्यानं श्वास घेतला तरी काहीतरी मोडंल.

मग त्या म्हाताऱ्या चाचांनी डोळे उघडले. दाढी खाजवत म्हणाले, "तेरी गाडी है क्या बेटा? माफ कर. परभणी की गाडी छूट गई, स्टेशनपे मच्छरां लई. इधर आडोसा दिखा तो सो गया."

मी कशीबशी मान हलवली. नळीकडं बोट केलं.

"वो? रात में दो पोट्टे आए थे. बोले, चाचा, जरा सरको. मैं बोला, घुटना दुखता, उठना होता नै. तुम्हीच सरको. बहोत देर खडे रहे. ये इधरच छोडके दूसरा कॅन लेके उधर की गाडीपे गए. फिर मैं सो गया."

एवढंच. दोन गाड्या सोडून नांदेडचा एक ड्रायव्हर आपल्या रिकाम्या टाकीवर बुक्क्या मारत व्हता. माझी टाकी मी बोटानं वाजवली. भरल्या घागरीसारखी, मुकी.

चाचांना मावशींच्या टपरीवर चहा पाजला. देव म्हणू नका कोणी, त्यांना चहात तीन चमचे साखर लागली आणि गुडघा खरंच दुखत व्हता. मी पाया पडलो तर मागं सरले, "अरे, क्या करता? नींद पूरी नै हुई क्या?" लेकीच्या गावाला चालले व्हते. त्यांची पिशवी फलाटावर नेऊन दिली, गाडी आली, गेली. नाव विचारायचं सुचलंच नाय.

दुपारी शेंद्र्याला गाडी भरत व्हती, तिथं आण्णा आले. त्यांनी टाकीत बांबूची काडी घालून बघितली, वरपर्यंत ओली. मग मी ती हिरवी पट्टी त्यांच्या हातात ठेवली आणि घडलं ते सांगितलं. कुणाचाही आवाज न काढता. त्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. ती आईनं बांधली तेव्हा ते समोरच उभे व्हते. शेवटी म्हणाले, "घरी गेलो की तुझ्या आईशी बोलतो. माझंच चुकलं." पट्टी त्यांनीच पुन्हा झाकणाला बांधली, दोन गाठी मारून.

आजही मी भिंतीला लावूनच गाडी उभी करतो, कुलूप बघतो, तार बघतो. तेवढं माझं काम. ते झालं की हात जोडतो आणि आडवा व्हतो. राखण जागण्यात हाय असं मला वाटायचं. ज्यानं ती केली तो तर झोपलेला व्हता, आणि मीही झोपलेला व्हतो. याचा अर्थ लावायला मी जात नाय, नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मावशी अधूनमधून चेष्टेनं म्हणतात, त्या चाचांची नक्कल करून दाखव की. आवाज जमतो, तो गुडघा धरून बसणंही जमतं. मग डोक्याखाली हात घेऊन त्या फटीत आडवा व्हतो आणि डोळे मिटतो. तिथं माझी नक्कल संपते. पाठीला टाकी गार लागते, आणि मला खरंच झोप लागते.