आतड्याचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही — आणि ज्यांना सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. सांगायचं ठरवते आणि दुसरंच काहीतरी बोलून मोकळी होते. आज तरी नीट सांगेन का? बघू.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हुलसूरहून बिदरला आलेली मुलगी पोटाच्या औषधांवर संशोधन करते, तिचा शोधनिबंध छापून येतो — केवढं कौतुक झालं आमच्याकडे! पानओव्याच्या अर्काने आतड्याची कळ शांत होते, असं त्यात लिहिलंय. वर माझं नाव आहे. तो छापलेला निबंध अजून तसाच आहे.

पण आधी अण्णांबद्दल सांगू द्या. अण्णा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस, कमठाण्याचे. रोज सकाळी खाटकाकडून बकऱ्याचं ताजं आतडं थर्मासमध्ये घेऊन यायचे. त्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात टांगला की तो तासन् तास हलत राहतो, आणि पडद्यावर रेघ वरखाली नाचते. सगळी करामत त्या पाण्याची. त्यात सहा-सात क्षार मोजून घालायचे, कॅल्शियमचा सगळ्यात शेवटी — नाहीतर पाणी दुधाळ होतं. म्हणून अण्णा ती एक बाटली टेबलावर ठेवतच नसत. ती खिडकीत. बाकीचं सगळं विरघळलं की मग खिडकीपाशी जायचे. 'आतड्याचं पाणी' म्हणायचे ते त्याला, आणि त्यांच्या हातचं पाणी कधीच बिघडलं नाही.

माझ्यावर फार जीव त्यांचा. मी जेवायची विसरले की डबा पुढे सरकवायचे, ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी. "बकऱ्याची आतडी मोजायलीस अन् स्वतःचं पोट उपाशी ठेवायलीस, कामून गं माय?"

पहिल्या नोंदी आम्ही त्यांच्याच पाण्यात घेतल्या, नुसत्या आतड्याच्या. रेघ छान नाचत होती. मग लेकीच्या लग्नासाठी ते आठवडाभर रजेवर गेले. आता अर्क घालून बघायचं होतं. पाणी मीच केलं, त्यात अर्क मिसळला, आतड्यावर सोडला — आणि रेघ सपाट! रोज सपाट. मी एकटीच प्रयोगशाळेत टाळ्या पिटल्या. निबंध त्या आठवड्यावर उभा राहिला.

छापून आल्यावर तोच प्रयोग पुन्हा करायला घेतला. अण्णांचं पाणी, तोच अर्क — रेघ जराशी वाकायची, की पुन्हा नाचायला लागायची. मी जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात क्षारांची यादी, प्रत्येकापुढे खूण. कॅल्शियमपुढे — काही नाही. एकाही दिवशी नाही. ती बाटली खिडकीत होती, आणि मी खिडकीपर्यंत गेलेच नव्हते. कॅल्शियम नसेल तर आतडं आकसतच नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते ना? माझ्या अर्काने काही केलंच नव्हतं.

वही मिटून कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, आता का जमत नाही? पाणी कोण करतं?

एक वाक्य बोलायचं होतं. एकच. पण — उचलली जीभ, लावली टाळ्याला. "अण्णा करतात सर. वय झालंय, हात चुकत असेल."

अण्णा दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर किती बरं झालं असतं! "व्हय सर," म्हणाले, "चुकायलाच आसंल हात. बाई कशाला खोटं बोलतील?"

त्यांना काचेची भांडी धुवायला लावलं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी क्षारांच्या बाटल्यांना हात लावला नाही. तो प्रयोग मीच गोड बोलून बंद करवला. डबा मात्र दुपारी पुढे सरकत राहिला, आणि मी — मी ती भाकरी खात राहिले. गोड लागायची, खोटं कशाला सांगू?

मागच्या महिन्यात कमठाण्याला त्यांच्या घरी गेले. भिंतीवर माझा निबंध, काचेच्या चौकटीत. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण आल्या-गेल्याला दाखवतात. त्यांच्या पत्नी, अक्का, शेतात होत्या, म्हणून माझ्यासाठी वरण त्यांनी स्वतः केलं. चुलीवरून उतरवलं आणि वाटीत थोडं घालून माझ्यापुढे धरलं.

"मीठ बघ माय. तवापासून माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई."

मी चाखलं. मीठ अगदी बेताचं होतं.

"बरोबर हाय अण्णा," मी म्हणाले. त्या घरात तेवढंच खरं बोलले.