भाऊसाहेबांच्या ओट्यावरचे ओटीपी

"मॅडम, तुमच्या ॲपनं माह्या फोनवर मेसेजचा ढीग लावला. अन् ओट्यावर अर्धं गाव येऊन बसलं. आता काय करू, सांगा."

सकाळी साडेआठला हा फोन. बोलत होते भाऊसाहेब, बुलडाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका गावातल्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. तलावाचं पाणी कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी सोडायचं, ते ही संस्था ठरवते. आधी पाळ्या वहीत लिहीत, आणि वहीत खाडाखोड फार. अध्यक्षांच्या माणसांची नावं आपोआप वर सरकतात, अशी गावात कुरकुर होती. म्हणून ॲप करायचं ठरलं.

मी पुण्यात पंधरा वर्षं सॉफ्टवेअर लिहून बुलडाण्यात परत आलेली बाई. काम मिळालं आणि अंगात शहाणपण संचारलं. संस्थेच्या मीटिंगमध्ये मी ठणकावून सांगितलं, की ज्यानं त्यानं आपली पाळी आपल्या मोबाइलवरून लावायची, आपल्याच फोनवर आलेला ओटीपी टाकून. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली, सहा आकड्यांची. दुसऱ्याच्या नावानं कोणी घुसूच शकणार नाही. "यात राजकारणाला जागाच नाही," असंही मी वर म्हणाले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पाळ्या लावायचा तो पहिलाच दिवस होता. सकाळी सातला सुरू, दुपारी बाराला बंद, कारण बारानंतर यादी पाटबंधारे ऑफिसला जाणार. मी लॅपटॉप उघडला. सभासदांच्या यादीत साठेक नावांपुढे एकच मोबाइल नंबर. भाऊसाहेबांचा.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. संस्था झाली त्या वर्षी फॉर्मवर मोबाइल नंबर सक्तीचा होता. निम्म्या लोकांकडे फोन नव्हता, उरलेल्यांचं सिमकार्ड दर दोन महिन्यांनी बदलायचं. मग सगळ्यांनी म्हटलं, भाऊसाहेबांचा लिहा, ते निरोप देतील. ते द्यायचेही. ती यादी ॲपमध्ये भरताना कॉम्प्युटरनं मला अडवलं होतं, की हा नंबर पुन्हा पुन्हा येतोय. मला वाटलं, एका घरात एक फोन असेल. घाई होती, म्हणून मी तो नियमच काढून टाकला. बिचारा कॉम्प्युटर मला गावाची माहिती देत होता, आणि मी त्याचं तोंड दाबलं.

स्कूटी काढली. दहाला पोचले तर ओट्यावर दरबार भरलेला. मेसेजमध्ये सभासदाचं नाव येत नव्हतं; ते मीच गुप्ततेसाठी वगळलं होतं. त्यामुळे आधी सगळ्यांनी एकदम बटणं दाबली, कोणाचा आकडा कोणी टाकला, आणि तीनदा चुकल्यामुळे चौघांची खाती अर्ध्या तासासाठी बंद पडली. मग भाऊसाहेबांनीच पद्धत बसवली. ते एकेकाचं नाव घ्यायचे, तेवढ्यानंच दाबायचं, आकडा वाचून दाखवला की पुढचा. आमच्या धंद्यात याला क्यू म्हणतात आणि तो लिहायचे पैसे मिळतात. यांनी चहा पाजून फुकटात केला.

भाऊसाहेब खुलले होते. मागच्या ग्रामपंचायतीत त्यांची सून पडली, तेव्हापासून त्या ओट्यावर कोणी बसायला येत नव्हतं. आता प्रत्येकाला यावंच लागत होतं. मी राजकारण हद्दपार करायला निघाले होते आणि माणसाला त्याची गादी घरपोच दिली होती.

फक्त विमलकाकू आल्या नव्हत्या. भाऊसाहेबांच्या सुनेला अकरा मतांनी पाडणाऱ्या त्याच. घर गल्लीच्या पलीकडे, बरोबर समोर, आणि तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं बंद. काकूंचा दोन एकर कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट. गोंड्यांत बी भरायचे दिवस. ही पाळी हुकली तर पुढची तीन आठवड्यांनी, तोवर बी पोचट. आणि काकूंच्या नावापुढेही तोच नंबर.

मी त्यांच्याकडे गेले. काकू दारात फोन हातात घेऊन बसलेल्या.

"मले पानी पाहिजे. पन त्यायले मी मागनार नाही."

"काकू, वावर वाळलं तर चालेल का?"

"चालत नाही ना. म्हनूनच सकाळपासून दारात बसून राह्यली."

नंबर बदलायचा, तर जुन्या नंबरवर ओटीपी जातो. हा कडक नियमही माझाच. मी आतून, डेटाबेसमधून, अर्ध्या मिनिटात बदलू शकत होते. पण आतून कोणी काही बदलणार नाही, हा शब्द मी भरमीटिंगमध्ये दिला होता. एकदा बदललं की उद्या गाव म्हणणार, मॅडम विमलबाईच्या पार्टीच्या. मग माझ्या ॲपमध्ये आणि त्या वहीत फरक काय?

भाऊसाहेबांना विनवलं. ते म्हणाले, "सगळेच मागून राह्यले. तिनंही मागावं." एवढं बोलून त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मला दोघांचाही असा राग आला की काय सांगू.

पावणेबाराला ओटा रिकामा झाला. मी काकूंना म्हटलं, मागू नका, नुसतं बटण तरी दाबा. त्यांनी दाबलं. समोर भाऊसाहेबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि मेसेज बराच वेळ बघत राहिले. आकडा पाच मिनिटंच चालतो. मी गल्लीच्या मधोमध घड्याळ बघत उभी.

मग ते उठले, ओट्याच्या कडेला आले, काकूंच्या घराकडे पाठ केली आणि प्रचारातल्या आवाजात सुरू झाले, "चार, नऊ, शून्य, दोन, सात, एक. कोनाचं आलं बे हे?"

गल्लीत मी आणि एक शेळी. ते पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी सावकाश, एकेक आकडा सुटासुटा. माझ्या मागे काकूंच्या फोनवर पाळी लागल्याची घंटी वाजली. 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' ही मेसेजमधली ओळ मी स्वतः लिहिलेली आहे.

पुढच्या आठवड्यात सगळ्यांना आपापले फोन घेऊन संस्थेत बोलावलं आणि सर्वांसमोर नंबर बदलले. भाऊसाहेब प्रत्येकासाठी ओटीपी वाचून दाखवत होते, आणि प्रत्येक ओटीपीगणिक त्यांचा नंबर एकेका नावापुढून जात होता. मला वाईट वाटलं. पहिला फोन बंद असेल तर म्हणून मी दुसऱ्या नंबरचीही सोय केली होती. मग काकू पुढे आल्या. पहिला त्यांनी स्वतःचा दिला. मी विचारलं, दुसरा?

"भाऊसाहेबांचा लिहा."

मी मान वर करून बघितलं.

"काऊन पाहून राह्यली, बाई? आवाज खनखनीत हाये त्यायचा."

मी लिहिला. सिक्युरिटीच्या हिशेबानं हे साफ चूक आहे. अजून तसंच ठेवलंय.