रंगूकाकीच्या हातची पावडर

लावणीच्या दिवसांत रंगूकाकीच्या ओट्यावर पायांची रांग लागायची. माणसांची म्हणत नाही, पायांचीच म्हणतो. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेले, पांढरेफटक, सोललेले पाय. बायका नळावर पाय धुऊन तशाच यायच्या, ओट्याच्या कडेला बसून पाय पुढे करायच्या आणि रंगू आतून डबी आणायची. डबीत कॅप्सूल असायच्या, पण गावात कॅप्सूललाही गोळीच म्हणतात. एक गोळी चिमटीत धरून ती हलकेच पिळायची, टोपण निघालं की आतली पावडर बेचक्यांत भुरभुरायची आणि वर एक फुंकर घालायची. ती फुंकरसुद्धा औषधातच धरली जायची. लोक म्हणायचे, रंगूला हातगुण आहे.

हे गाव सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यातलं. हातगुणाची सुरुवात झाली ती रंगूच्या मुलाच्या, अमोलच्या पायावरून. लहानपणी गवत कापताना त्याच्या पोटरीला विळा लागला होता. डॉक्टरांनी टाके घातले आणि लाल-काळ्या गोळ्या दिल्या. पोराला गोळी गिळता येईना, प्रत्येक वेळी उलटी. शेवटी रंगूने वैतागून गोळी फोडली आणि जखमेवरच ओतली. जखम बरी झाली. ती टाक्यांमुळेही बरी झाली असेल, असं म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. शेजारणीने बघितलं, तिने दुसरीला सांगितलं, आणि रंगूची रंगूकाकी झाली.

गावाला हे पटायला आणखी एक कारण होतं. त्या भागात गोळी गरम पडते. ताप उतरला, खोकला हटला की पुढच्या गोळ्या कोणी घेत नाही, कारण मग तोंड येतं, पोटात जळजळतं, लघवीला आग होते. म्हणजे गोळी गरम पडली. वरून घातली तर गरम पडत नाही, हा रंगूचा शोध. मग ज्याच्या घरी गोळ्या उरतील तो त्या रंगूकडे आणून द्यायचा. कोणाच्या दाताच्या, कोणाच्या छातीच्या, कोणाच्या बाळंतपणाच्या. सगळ्या गावाचे अर्धवट सोडलेले डोस तिच्या डबीत येऊन पडायचे आणि तिथून चिखल्यांवर जायचे. डबी कधी रिती झाली नाही, कारण गावात कोणी औषध संपवतच नव्हतं. लावणी उरकली, पाय कोरडे राहायला लागले की चिखल्या आपसूक जातात. पण जाताना श्रेय रंगूला देऊन जायच्या.

तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिला कोणी काही विचारत नव्हतं. आता हळदीच्या मांडवात तिला आधी पाट मिळायचा. आणि तिचा सगळ्यात मोठा भक्त घरातच होता, तिचा नवरा लडकू. मितभाषी माणूस, पण बायकोचा विषय निघाला की त्याची जीभ सैल व्हायची. पारावर बसून सांगायचा, "आमच्याकडं दवाखाना घरातच हाय." त्याला बऱ्याच वर्षांची साखर. साखरेच्या गोळ्या आठवल्या तर घ्यायचा. पाय बधिर झाले होते त्याचे, तेही तो हसत सांगायचा. चप्पल मागे राहिली तरी कळायचं नाही, दुसऱ्याने हाक मारून सांगावी लागायची.

गेल्या लावणीत त्याच्या उजव्या पायात काहीतरी शिरलं. काटा म्हणावा तर काटा, बांबूचं धस म्हणावं तर तेही असेल. त्याला दुखलंच नाही, म्हणून त्याने बघितलं नाही. करंगळीच्या मुळाशी भोक पडलेलं रंगूने बघितलं, तेही पाय धुताना. तिने गोळी फोडली, पावडर भोकात दाबून भरली, फुंकर घातली. रोज भरत राहिली. वर छान कोरडी, कडक खपली धरली. तिने ती शेजारीण लहानीला दाखवलीसुद्धा. "बघ कशी सुकली," म्हणाली.

मग वास यायला लागला.

अमोल शहापूरला भाड्याच्या खोलीत राहायचा, हायवेवरच्या एका गोदामात कामाला होता. सुट्टीला घरी आला आणि दारातच थबकला. बापाचा पाय बघितला आणि गाडी ठरवून दोघांना सरळगावमार्गे शहापूरला घेऊन गेला. तिथे त्याच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. बाईंनी चिमट्याने खपली उचलली. खाली जे होतं ते रंगूने बघितलं, आणि नंतर कधीही तिला ते सांगता आलं नाही. पू पार आत तळव्यापर्यंत गेला होता. लडकू टेबलावर पडून छताचा पंखा बघत होता. त्याला काहीच कळत नव्हतं.

"ही पावडर कोणी भरली?" बाईंनी विचारलं.

अमोलने मान खाली घातली.

"मीच," लडकू म्हणाला. "मीच भरली. माजा मीच."

बाई रागावल्या नाहीत. कदाचित रोज कोणी ना कोणी असाच पाय घेऊन येत असावा. त्यांनी सरळ सांगितलं, की हे औषध जंतू मारणारं आहे, पण ते गिळायचं. पोटातून रक्तात जातं, रक्तातून पायात. वरून ओतलं की ओलाव्याने त्याचा गच्च थर बसतो, वरची कातडी मिटते आणि पू आत कोंडतो. शिवाय बोटांतल्या चिखल्या म्हणजे बुरशी, तिला ही गोळी वरून घाला नाहीतर पोटातून द्या, काही होत नाही. तिचं मलम वेगळं. करंगळी आता काढावीच लागेल, पण पाय राहील. त्यासाठी साखर आवरायची आणि या गोळ्या शेवटच्या गोळीपर्यंत पोटात गेल्या पाहिजेत. मध्ये सोडल्या तर जे जंतू उरतील ते आणखी चिवट होतील, मग पायाचं काही सांगता येणार नाही.

रंगू ऐकत होती. बाईंच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी होती, ती बघत होती. गावातला एकेक पाय तिच्या डोळ्यांपुढून गेला, त्या एवढ्याएवढ्या पोरींचेसुद्धा. तिला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

करंगळी गेली. घरी आल्यावर तिने पहिलं काम केलं ते डबीचं. परसात जाऊन सगळ्या गोळ्या खताच्या खड्ड्यात ओतल्या, वर राख टाकली. रिकामी डबी मात्र फळीवर होती तिथेच परत ठेवली. का ठेवली, तिचं तिलाच माहीत. इतक्या वर्षांची जागा होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लहानी आली. पाय धुऊन, ओट्यावर बसून, पाय पुढे करून.

आता सांगायचं, रंगूने मनाशी ठरवलं होतं. बाईंनी सांगितलं ते जसंच्या तसं सांगायचं. ती दारापर्यंत आली. लहानी तिच्याकडे बघत होती, ज्या विश्वासाने सगळ्या बघायच्या त्याच विश्वासाने. रंगू म्हणाली, "संपल्या गो."

"सगळ्या?"

"सगळ्या संपल्या. तू शहापूरच्या नायतर मुरबाडच्या दवाखान्यात जा. मलम देतात तिथं."

लहानी हिरमुसली. "मलमाला काय तुज्या हाताचा गुण येनार हाय काय," म्हणाली आणि गेली. रंगूला हायसं वाटलं. गोळ्या देणं बंद झालं होतं आणि कोणाला काही सांगावंही लागलं नव्हतं. त्या पावसाळ्यात येईल तिला ती हेच सांगत राहिली, संपल्या गो. शब्द तोंडात बसला. आत खाटेवर पाय उंच करून पडलेला लडकू ते ऐकत असायचा.

औषधाच्या बाबतीत ती कडक होती. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची, तांब्या हातात द्यायची. लडकू मान वर करून पाणी प्यायचा. मग ती चुलीकडे वळायची. पहिले काही दिवस पाय चांगला वाटला, वास गेला, पट्टी कोरडी निघायला लागली. अमोल फोनवर विचारायचा, "बाबा गोळ्या घेतो ना?" ती म्हणायची, "माज्या हातानं देतंय."

लावणी उरकून भात पोटरीला, कणीस धरायला आलं तेव्हा पट्टी पुन्हा ओली निघाली. वर नडगीपर्यंत लाली चढली. लडकूला थंडी वाजून ताप आला. रंगूला कळेना. गोळ्या तर चालू होत्या. ती अमोलला फोन लावायला उठली, एवढ्यात लहानी पोरीचा हात धरून दारात उभी.

"काकी, लडकूकाका म्हनला, डबी भरली परत. या पोरीच्या बोटाला नखुरडं झालंय, जरा घाल ना."

रंगूने फळीवरची डबी काढली. ती वाजली. तिने झाकण उघडलं, आत नव्याकोऱ्या गोळ्या होत्या, बाईंनी दिलेल्या, त्याच रंगाच्या.

ती डबी घेऊन खाटेपाशी गेली. लडकूने डोळे उघडले. तापाने चेहरा तांबडा झाला होता, तरी डबी बघून तो ओशाळून हसला, चोरून आणलेली साडी बायकोने आधीच बघावी तसा.

"तू रोज म्हनत होतीस ना, संपल्या, संपल्या. बाया परत जातात, तुला वायट वाटत असल. मी म्हटलं माज्या हायेत त्या ठेवू. मला तशापन गरम पडतात. पाय तर बरा झालता."

गोळी मुठीत ठेवून नुसतं पाणी प्यायचा तो, रंगू चुलीकडे वळली की ती कनवटीला खोचायचा, आणि रंगू रानात गेली की काठी टेकत फळीपर्यंत जायचा. दवाखान्यात बाईंनी एवढं सांगितलं, पण त्याच्या डोक्यात एकच राहिलं होतं. ही बाई परकी. घरातली डॉक्टर वेगळी.

रंगू खाटेच्या काठावर बसली. त्याच्यावर ओरडावं, डबी भिंतीवर फेकावी, असं काही तिला वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. हात पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतो तसा सगळा जीव भिजून फुगल्यासारखा झाला होता. लहानी दारात तशीच उभी होती. रंगू तिला म्हणाली, "लहाने, इकडं ये आनि ऐक. माज्या पावडरीनं यांचं बोट गेलं. आता पाय जातोय. पोरीला दवाखान्यात ने."

लहानीने हे ऐकलं, पण तिला ते खरं वाटलं नसावं. ती "बरं बरं, तू बस" म्हणाली आणि गाडीवाल्याला हाक मारायला गेली.

शहापूरला बाईंनी पाय बघितला आणि हातमोजे काढून बाजूला ठेवले. तेव्हाच, फोनवर कळताच दवाखान्यात येऊन थांबलेला अमोल समजला. गुडघ्याखालून काढावा लागेल, आजच, नाहीतर माणूस राहायचा नाही. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या का?"

लडकूने तोंड उघडलं. तो काय म्हणणार हे रंगूला ठाऊक होतं. मागच्या वेळी त्याने जे म्हटलं तेच.

"मीच नाय दिल्या," ती त्याच्या आधी म्हणाली. "संपल्या म्हनून सांगितलं."

"संपल्या? एवढ्या दिल्या होत्या."

"होय. मीच सांगितलं."

बाई या वेळी रागावल्या. बऱ्याच बोलल्या. रंगू मान डोलावत राहिली. शब्द तिच्यापर्यंत येत होते, पण लागत नव्हते. लडकू टेबलावरून तिच्याकडे बघत होता आणि त्याला पहिल्यांदाच काहीतरी कळल्यासारखं दिसत होतं. मग त्याला आत नेलं.

तो वाचला. घरी आला तेव्हा भातकापणी चालू होती आणि गावात सगळे रानात होते, म्हणून बघायला फारसं कोणी आलं नाही. जे आले ते रंगूलाच धीर देऊन गेले. कोणीतरी म्हणालं, "तुजी पावडर होती म्हनून गुडघा तरी वाचला." येईल त्याला ती आता एकच सांगते, पावडर घालू नका, गिळाची असते, सगळी गिळाची. लोक मान डोलावतात. बिचारीच्या मनाला लागलंय म्हणतात, आणि उरलेल्या गोळ्या जाताना हळूच ओट्यावर ठेवून जातात.

संध्याकाळी जेवण झालं की ती लडकूच्या तळहातावर गोळी ठेवते. चुलीकडे आता वळत नाही, समोर उभी राहते.

"गरम पडल गो," तो म्हणतो.

"पडू दे."

तो गिळतो. मग तोंड उघडून, जीभ वर करून तिला दाखवतो. ती वाकून नीट बघते, आणि तांब्या जागेवर ठेवते.